थंड चिकन चालतं, गरम चालत नाही

अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानात आत कुठेतरी काचेचं एक गरम कपाट असतं. त्यात दिव्यांखाली भाजलेल्या अख्ख्या कोंबड्या ओळीनं मांडलेल्या असतात. प्लॅस्टिकच्या झाकणाला आतून वाफ धरलेली, वर किमतीची चिठ्ठी. विकली न गेलेली कोंबडी अनेक दुकानं थंड करून शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवतात. कोंबडी तीच, मसाला तोच, भाजणाराही तोच. पण सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर फ्रिजमधली कोंबडी घेता येते, दिव्याखालची घेता येत नाही.

या मदतीचं नाव आहे स्नॅप. जुनी माणसं अजूनही ‘फूड स्टॅम्प’च म्हणतात. २०२४ साली देशात साधारण चार कोटी लोकांना, म्हणजे दर आठ माणसांमागे एकाला, ती मिळत होती. महिन्याला ठरलेली रक्कम ईबीटी कार्डावर जमा होते. कार्ड दिसायला बँकेच्या कार्डासारखंच, त्याला पिनही असतो. ते मशीनला लावायचं, पिन दाबायचा आणि सामान घेऊन निघायचं. या खरेदीवर विक्रीकर लावता येत नाही. २०२४ साली सरासरी मदत माणशी दिवसाला सहा डॉलरच्या आसपास होती. एवढ्यात तिन्ही वेळचं भागवायचं.

आपल्याकडे रेशन म्हटलं की गहू-तांदूळच डोळ्यांसमोर येतात. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. काय मिळणार हे वरून ठरलेलं असतं. माल आला का आणि मशीनवर अंगठा लागला का, एवढीच घरच्यांना काळजी. स्नॅपमध्ये सरकार धान्य देत नाही, पैसे देतं आणि दुकान मोकळं सोडतं. त्यामुळे तिथला सगळा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो. या पैशातून काय घ्यायचं आणि काय नाही, हे कोण ठरवणार?

मूळ नियम ऐकायला सोपा आहे. घरी नेऊन खायचं अन्न चालतं. भाज्या, फळं, मांस, मासे, दूध, पाव, धान्य, तेल, बिस्किटं, आइस्क्रीमसुद्धा. स्नॅप घेणाऱ्या एखाद्या भारतीय दुकानात गेलात तर तूरडाळ, पोहे, गोडा मसाला, तूप, लोणचं, फरसाण सगळं कार्डावर मिळतं. फ्रीजरमधल्या समोशांचं पाकीट चालतं, काउंटरवर गरम करून दिलेला समोसा चालत नाही. आणि त्याच टोपलीतली उदबत्ती, कापूर, अंगाचा साबण, भांड्यांची घासणी बाजूला काढावी लागते.

नियम सोपा असला तरी त्याच्या कडेला बारीक बारीक गुंते आहेत. जिवंत कोंबडी घेता येत नाही, पण जिवंत शेवंड किंवा खेकडा घेता येतो. वाढदिवसाचा केक चालतो, मात्र त्यावरच्या न खाण्याजोग्या सजावटीची किंमत निम्म्याहून जास्त नसावी. भोपळा खाण्याचा असेल तर चालतो, नुसता दारात मांडायचा असेल तर नाही. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर अन्नाचं लेबल आहे की पूरक आहाराचं, यावर त्याचं भवितव्य ठरतं. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि औषधं कुठल्याच परिस्थितीत नाहीत.

एक तरतूद मला फार आवडते. १९७३ पासून या पैशातून बी-बियाणं आणि रोपं घेता येतात, अट एवढीच की त्यातून घरी खायला काहीतरी पिकलं पाहिजे. टोमॅटोचं बी, मिरचीचं रोप. फुलझाडाला परवानगी नाही. खिडकीतल्या एका कुंडीतली मिरची महिनोन् महिने पुरते, हे ज्यानं कुणी कायद्यात बसवलं त्याला घर चालवणं ठाऊक होतं.

आता पैसे भरायच्या जागी या. इथे सामान सरकत्या पट्ट्यावर ठेवतात. ईबीटीवाले बरेच जण आधीच दोन ढीग करतात. एका ढिगात दूध, अंडी, तांदूळ. दुसऱ्यात साबण, टूथपेस्ट, बाळाचे डायपर, सॅनिटरी पॅड. पहिला ढीग कार्डावर जातो, दुसऱ्याला रोख पैसे लागतात. रोख कमी पडले की एकेक वस्तू परत करायची, आणि मागे रांग उभी असते. डायपर ही बाळाची गरजच आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आईला तेच परत करावे लागतात. नियमाच्या भाषेत ते अन्न नाही, हे खरं. पण घर काही दोन ढिगांत विभागलेलं नसतं.

हे असं का झालं, ते समजायला मागे जावं लागेल. १९३९ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात ही योजना पहिल्यांदा सुरू झाली. मंदीचे दिवस होते. एकीकडे माणसं उपाशी आणि दुसरीकडे शेतकऱ्यांचा माल पडून. मग दोन रंगांची तिकिटं काढली. एक डॉलर देऊन नारिंगी तिकिटं घ्यायची, त्यावर पन्नास सेंटची निळी तिकिटं फुकट मिळायची. नारिंगी तिकिटांवर कुठलंही अन्न घेता यायचं. निळ्यांवर फक्त सरकारनं ‘जादा’ ठरवलेला माल, म्हणजे लोणी, अंडी, कडधान्यं असं. गरिबाचं पोट आणि शेतकऱ्याचा भाव, दोन्हींचा विचार एकाच तिकिटात होता. म्हणूनच ही योजना आजही आरोग्य खात्याकडे नाही, कृषी खात्याकडे आहे.

१९४३ मध्ये ती बंद पडली. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी प्रायोगिक स्वरूपात पुन्हा सुरू केली. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या पट्ट्यात, काम सुटलेल्या एका खाणकामगाराच्या पंधरा माणसांच्या घराला पहिली ९५ डॉलरची कूपनं मिळाली. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात कायदा झाला. तेव्हाही शीतपेयं आणि ‘चैनीचं’ खाणं वगळावं, असं संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात होतं. शेवटी ते टिकलं नाही. त्या कायद्यात दारू आणि आयात केलेलं अन्न वगळलं होतं. कूपनं आधी पैसे भरून घ्यायची अट १९७७ च्या कायद्यानं काढली. त्याआधी ज्यांच्याकडे भरायलाच काही नव्हतं, ते दारातच अडकत होते. पुढे कागदी कूपनं गेली, २००४ पर्यंत सगळ्या राज्यांत कार्ड आलं, आणि २००८ मध्ये योजनेला स्नॅप हे नाव मिळालं.

गरम अन्नाची बंदी या इतिहासातूनच आलेली आहे. घरी चूल आहे, भांडी आहेत, रांधणारं कुणीतरी आहे, असं कायदा धरून चालतो. ज्याला घरच नाही, जो गाडीत झोपतो, त्यानं कच्चे तांदूळ नेऊन करायचं काय? वृद्ध, अपंग आणि बेघर लोकांना ठरावीक हॉटेलांत कार्ड वापरता यावं अशी सोय आहे, पण ती राज्याच्या मर्जीवर आहे आणि थोड्याच राज्यांनी ती स्वीकारली आहे. चक्रीवादळ आलं, वीज गेली, की कृषी खातं तेवढ्यापुरती गरम अन्नाला मुभा देतं. म्हणजे अडचण सरकारलाही कळते. दोन-दोन नोकऱ्या करून रात्री घरी येणाऱ्या बाईच्या बाबतीत मात्र ती कळत नाही.

सध्याचा मोठा वाद शीतपेयांचा आहे. मिनेसोटानं २००४ मध्ये, न्यूयॉर्क शहरानं २०१० मध्ये बंदीची परवानगी मागितली होती. कृषी खात्यानं दोघांनाही नकार दिला. २०२५ मध्ये धोरण पालटलं आणि राज्यांना परवानग्या मिळू लागल्या, पहिली नेब्रास्काला. १ जानेवारी २०२६ पासून नेब्रास्का, इंडियाना, आयोवा, युटा आणि वेस्ट व्हर्जिनियात गोड शीतपेयं कार्डावर बंद झाली. काही राज्यांनी चॉकलेट-गोळ्याही वगळल्या. राज्यागणिक यादी वेगळी, त्यामुळे सीमेलगतच्या गावात नदीच्या या काठावर चालणारी बाटली पलीकडे चालत नाही, असं होऊ शकतं.

साखर वाईट आहे, यात शंका नाही. पण कृषी खात्यानंच २०१६ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीच्या बिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्नॅपवाली घरं आणि बाकीची घरं, दोन्हीकडे डॉलरमागे साधारण वीस सेंट गोड पेयं, मिठाई, खारे पदार्थ आणि साखरेवर जात होते. शीतपेयांवरचा खर्च स्नॅपवाल्यांचा थोडा जास्त होता, एवढाच फरक. सवय सगळ्या देशाची आहे, बंदी फक्त कार्डवाल्यांवर आली.

यापेक्षा चांगला मार्ग डेट्रॉइटमध्ये २००९ साली सुरू झाला. शेतकरी बाजारात ईबीटी कार्डावर जेवढ्या डॉलरची खरेदी कराल, तेवढेच डॉलर भाजी-फळांसाठी वर मिळतात, ठरावीक मर्यादेपर्यंत. मका, सफरचंदं, पालेभाजी दुप्पट घरी जाते आणि शेतकऱ्याचाही माल खपतो. पुढे अशा योजनांना केंद्र सरकारचाही निधी मिळाला. इथे कुणाच्या टोपलीतून काही काढून घेतलेलं नाही, टोपलीत भर घातलेली आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांना या कार्डाशी थेट संबंध येत नाही. एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांना आणि व्हिसावर शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांना स्नॅप मिळत नाही. ग्रीन कार्ड हाती आलं तरी प्रौढांना बहुतेकदा पाच वर्षं थांबावं लागतं.

संबंध आहे तो इकडे, महाराष्ट्रात. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागातल्या आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी बँकेत पैसे मिळू लागले. माणशी महिन्याला १५० रुपये, २०२४ मध्ये ते १७० झाले. या पैशातून काय घ्यायचं, यावर कसलंच बंधन नाही. ही मोकळीक चांगलीच आहे. पण स्नॅपची रक्कम दर ऑक्टोबरला महागाईप्रमाणे नव्यानं काढतात, आणि तशी तरतूद आपल्या १७० रुपयांनाही हवी. भाव चढले की त्या पैशात येणारं धान्य कमी होतं, आणि यवतमाळच्या किंवा बीडच्या दुकानदाराला सरकारी आकड्याशी काही देणंघेणं नसतं.