कलशानंतरचे यशवंतराव

[दृश्य: 1960 सालची कृष्णधवल छायाचित्रं]

यशवंतराव चव्हाण म्हटलं की आपल्याला 1 मे 1960 आठवतो. मंगल कलश, पंडित नेहरू, राजभवनावरचा सोहळा. शाळेच्या पुस्तकात तेच, महाराष्ट्र दिनाच्या भाषणांतही तेच. त्या दिवसाचं मोल कोण नाकारेल? पण या माणसाच्या कारभाराची सगळ्यात मोठी तारीख कुठली, असं आम्हाला विचाराल तर आम्ही तिथून बरोबर दोन वर्षं पुढे जाऊ. 1 मे 1962. त्या दिवशी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गावच्या शाळेचा, दवाखान्याचा, रस्त्याचा निर्णय गावाजवळ आला.

तिथवर ते कसे पोचले, हे समजायला कृष्णाकाठी जावं लागतं.

[दृश्य: देवराष्ट्रे गाव]

देवराष्ट्रे. तेव्हाचा सातारा जिल्हा, आजचा सांगली. 12 मार्च 1913 रोजी इथे, आजोळी, यशवंतरावांचा जन्म झाला. वडील बळवंतराव कराडच्या कोर्टात बेलिफ होते. यशवंत अगदी लहान असतानाच ते गेले. पदरात चार लेकरं, जमीन जेमतेम, आणि आई विठाबाईंना अक्षरओळख नाही. थोरला ज्ञानोबा नोकरीला लागला म्हणून घर कसंबसं उभं राहिलं. विठाई मुलांना एक ओवी म्हणून दाखवायच्या. ‘नका बाळांनो डगमगू, चंद्रसूर्यावरील जाईल ढगू.’ दिवस असे असताना आईनं मुलांना दुसरं काय द्यायचं?

कराडच्या टिळक हायस्कुलात यशवंत शिकत होता. 1929 साली बंगालचे क्रांतिकारक जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात 63 दिवसांच्या उपोषणानंतर गेले. कुठला बंगाल, कुठलं लाहोर आणि कुठलं कराड! पण ती बातमी वाचून हा मुलगा रडला. वर्तमानपत्रातून रोज त्या उपोषणाचा एकेक दिवस मोजत असावा, असंच वाटतं.

26 जानेवारी 1932. शाळेच्या आवारात तिरंगा लागला. यशवंतला पकडलं आणि 18 महिन्यांची शिक्षा झाली. वय अठरा.

इथे एक प्रसंग आहे, आणि त्यावरून घाईनं पुढे जाऊ नये. कोठडीत मुलाला भेटायला विठाई आल्या. बरोबर शाळेतले एक शिक्षक होते. माणूस भला होता, मुलाचं शिक्षण बुडेल ही त्यांची काळजी खरी होती. त्यांनी सुचवलं, माफी मागितली तर सुटका होईल. यशवंत काही बोलायच्या आतच विठाईंनी मास्तरांना गप्प केलं. माफी कसली मागायची? मुलाला म्हणाल्या, तब्येतीला जप, देव आपल्या पाठीशी आहे. एवढं सांगून त्या माघारी गेल्या. घरात कर्ता फक्त थोरला मुलगा, धाकट्याच्या शिक्षणावर सगळी आशा लावलेली. अशा बाईनं हे म्हणावं! यशवंतरावांनी आयुष्यभर आईचं नाव ज्या आदरानं घेतलं, त्याचं मूळ इथे आहे.

[दृश्य: येरवडा कारागृहाची बाहेरची भिंत]

येरवड्याच्या तुरुंगात त्यांना आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन अशी माणसं भेटली. वाचन झालं, वाद झाले. खेड्यातून आलेल्या पोराला एवढी मोठी शाळा बाहेर कुठेच मिळाली नसती. सुटून आल्यावर मॅट्रिक, मग कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून बी. ए., पुण्याहून एलएल. बी. मधल्या काळात काही वर्षं मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा मोठा पगडा होता. पण महायुद्धाच्या प्रश्नावर रॉय यांचं म्हणणं पटेना, तेव्हा ते काँग्रेसबरोबरच राहिले.

2 जून 1942. फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं. सव्वादोन महिन्यांत ऑगस्ट उजाडला.

मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि यशवंतराव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात त्या महिन्यांत जे घडलं ते देशात फार थोड्या ठिकाणी घडलं. गावोगावची माणसं, हातात काठीसुद्धा न घेता, तालुक्याच्या कचेरीवर मोर्चे घेऊन निघाली. कराड, पाटण, तासगाव. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला. वडूजला परशुराम घार्गे हातात झेंडा घेऊन पडले.

मोर्चे कचेरीवरच का गेले? कारण खेड्यातल्या माणसाला सरकार दिसायचं ते तिथेच. मामलेदार, फौजदार, शेतसाऱ्याची वसुली, तगाईचा, म्हणजे सरकारी कर्जाचा अर्ज, सगळं त्या एका आवारात. लंडनचा राजा कुणी पाहिलेला? मामलेदार मात्र रोजचा. हे यशवंतरावांनी भूमिगत असताना, रात्री-अपरात्री या गावातून त्या गावात फिरताना जवळून पाहिलं. त्या भागात पुढे क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी प्रतिसरकार चालवलं. गावच्या तंट्यांचे निवाडे गावातच झाले. आपला कारभार आपल्याला जमतो, हे तिथल्या लोकांनी करून दाखवलं.

[दृश्य: वेणूताईंचं छायाचित्र]

याची किंमत घरानं मोजली. जानेवारी 1943, लग्नानंतरची पहिली संक्रांत, आणि त्याच दिवशी पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. नवरा सापडत नाही म्हणून बायकोला. त्याच काळात थोरले बंधू ज्ञानोबा वारले. तुरुंगातून सुटलेल्या वेणूताई फलटणला आजारी आहेत असं कळल्यावर यशवंतरावांना राहवलं नाही. ते भेटायला गेले आणि तिथेच पकडले गेले. वेणूताईंच्या दुखण्यानं त्या दिवसांत जी उचल खाल्ली ती पुढे कायमच त्रास देत राहिली. चळवळीच्या इतिहासात अशा बायकांना एखादी ओळ मिळते. ती फार कमी आहे.

1946 साली ते निवडून आले, मुंबईला पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले, 1952 नंतर मंत्री. ही दहा वर्षं कारभार शिकण्यात गेली.

आणि मग आला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ.

[दृश्य: हुतात्मा चौक, मुंबई]

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावर माणसं रस्त्यावर आली, गोळ्या झेलल्या, शंभरावर जणांचे प्राण गेले. अशा वेळी यशवंतरावांनी जाहीरपणे सांगितलं की, महाराष्ट्र आणि नेहरू यांतून एकाची निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूनं उभे राहू. मराठी माणसाच्या काळजाला ते लागलं. त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटलं गेलं. आजही काही घरांत ते वाक्य विसरलेलं नाही, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गोळीबारात गेलं त्यांनी ते का विसरावं?

1 नोव्हेंबर 1956 रोजी ते विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. 43 वर्षांचे. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण केली. खुद्द यशवंतराव कराडमधून थोडक्या मतांनी निभावले. 30 नोव्हेंबर 1957 रोजी नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाटेवर काळी निशाणं घेऊन अफाट जनसमुदाय उभा होता. निदर्शनं झाली, अनर्थ घडला नाही. दिल्लीला जे सांगायचं ते त्या गर्दीनं सांगितलं.

आमचं मत स्पष्ट आहे. महाराष्ट्र मिळाला तो लोकांच्या लढ्यामुळे. पण तो लढा दिल्लीच्या गळी उतरवायला आतला माणूस लागतो, आणि ते काम यशवंतरावांनी केलं. द्विभाषिक मनापासून चालवून पाहिलं, ते लोकांना नको आहे हे पंडितजींना पटवलं. दोन्हींशिवाय 1960 उजाडलं नसतं.

आता कलश आला. पुढे काय?

[दृश्य: सचिवालयाची जुनी छायाचित्रं]

त्यांच्या कारकिर्दीतल्या कामांची यादी लांबलचक आहे आणि सगळी इथे सांगत बसत नाही. महार वतनं, म्हणजे पिढीजात गावचाकरीची बांधिलकी, रद्द करणारा कायदा 1958 चा. बाबासाहेब आंबेडकर ज्यासाठी 1920 च्या दशकापासून झगडत होते, ती गुलामी त्या कायद्यानं संपवली. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांच्या सवलती राज्यात चालू ठेवल्या. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न 1200 रुपयांपेक्षा कमी, त्या घरच्या मुलांची फी माफ झाली. विठाईंच्या घरात अशी सवलत आली असती तर काय झालं असतं, हा विचार त्या फायलीवर सही करताना त्यांच्या मनात आला नसेल, असं मानणं अवघड आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ निघालं.

पण जिल्हा परिषदेकडे परत येऊ.

बलवंतराय मेहता समितीनं 1957 साली पंचायत राज्याची शिफारस केली होती. देशात इतरत्र ती राबवली जाऊ लागली. महाराष्ट्रानं तीच उचलून लावली नाही. 1960 साली महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. नाईक समितीनं सांगितलं, जिल्हा हा खरा कणा करा. पैसा, माणसं, तज्ज्ञ अधिकारी हे सगळं पेलण्याइतका आवाका जिल्ह्याचाच असतो.

आणि मग दोन गोष्टी केल्या, ज्यांचं धाडस आज चटकन लक्षात येत नाही. पहिली, कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. इंग्रजांच्या काळापासून जिल्ह्यात कलेक्टर म्हणजे मायबाप. त्याला बाजूला ठेवून परिषदेसाठी वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी आणला, आणि त्या अधिकाऱ्यावर निवडून आलेला अध्यक्ष आणि सभागृह बसवलं. दुसरी, आमदार-खासदारांना परिषदेत सदस्य म्हणून जागा ठेवली नाही. म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या आमदारांच्या हातातली कामं काढून गावच्या नव्या पोरांच्या हातात द्यायची. मुख्यमंत्र्याला हे सोपं असतं का?

1961 साली कायदा झाला. राज्यात जिल्हे 26, मुंबई वगळून जिल्हा परिषदा 25. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, गावरस्ते, शेती, पशुसंवर्धन, लहान पाटबंधारे, सगळं तिकडे गेलं. शिक्षण समिती, बांधकाम समिती, स्थायी समिती हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आले. गट नावाच्या मतदारसंघातून परिषदेवर, त्याहून लहान गणातून पंचायत समितीवर. वीस वर्षांपूर्वी ज्या तालुक्याच्या गावी हीच माणसं मोर्चा घेऊन गेली होती, तिथे आता त्यांच्यातलाच एखादा सभापती म्हणून बसला, आणि बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, त्याच्यासमोर फाईल घेऊन उभा राहिला.

या मांडवाखालून माणसं घडली. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच, मग जिल्हा परिषद सदस्य, मग मुख्यमंत्री. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून आले आणि राज्याचे गृहमंत्री झाले. अर्थसंकल्प कसा वाचायचा, अधिकाऱ्याला प्रश्न कसा विचारायचा, हे ते तिथे शिकले.

दुसरी बाजू लपवण्याचं कारण नाही. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि जिल्हा परिषद या तिन्ही ठिकाणी बऱ्याच जिल्ह्यांत त्याच त्या घरांतली माणसं बसली. मोठ्या बागायतदारांच्या पलीकडे, भूमिहीनांपर्यंत, दलित वस्तीपर्यंत, बाईपर्यंत सत्ता पोचायला फार वर्षं लागली. बायकांना तर 1990 च्या दशकातल्या आरक्षणाची वाट पाहावी लागली. दार उघडलं गेलं हे खरं, पण आधी कोण शिरलं हेही तितकंच खरं.

[दृश्य: नोव्हेंबर 1962, दिल्ली]

जिल्हा परिषदा सुरू होऊन सहा महिने होत नाहीत तोच चीननं आक्रमण केलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं महाराष्ट्र अभिमानानं म्हणाला. 1965 च्या युद्धात ते संरक्षणमंत्री होते. नंतर गृह, अर्थ, परराष्ट्र, थोडा काळ उपपंतप्रधान. दिल्लीत ते मोठ्या पदांवर राहिले, पण 1977 नंतरच्या पडझडीत त्यांचे निर्णय डळमळले, आणि ज्यांनी त्यांना मानलं होतं त्यांनाही ते दिवस पाहवले नाहीत. तो भाग आम्हाला थोडक्यात सांगावासा वाटतो, कारण त्यांचं अस्सल काम त्याच्या आधीचं आहे.

1 जून 1983 रोजी वेणूताई गेल्या. 25 नोव्हेंबर 1984 रोजी दिल्लीत यशवंतराव गेले. कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

त्यांनी आत्मचरित्राचे तीन खंड योजले होते. कृष्णाकाठ, सागरकाठ, यमुनाकाठ. त्यांतला पहिलाच लिहून झाला, आणि तो 1946 पाशी, मुंबईला निघण्यापाशी थांबतो. मुख्यमंत्रिपदाची वर्षं दुसऱ्या खंडात यायची होती. जिल्हा परिषदेचा कायदा करताना मंत्रिमंडळात कोण काय म्हणालं, कलेक्टरांच्या बाबतीत कुणाचा विरोध होता, आमदारांची समजूत कशी घातली, हे त्यांच्या शब्दांत आपल्याकडे नाही. ज्यांना ते हवं आहे त्यांनी नाईक समितीचा अहवाल आणि 1961 च्या विधानसभेतल्या चर्चा काढून वाचाव्यात.