सकाळी साडेनऊचा खेळ

(दृश्य: डिसेंबरची सकाळ. नागपूरच्या सीताबर्डीत तर्री-पोह्यांची गाडी, कढईवरची वाफ, स्वेटर-मफलरमधली गर्दी.)

16 डिसेंबर 2025 ला ऑस्करची प्राथमिक यादी आली. आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या गटातली पंधरा नावं, आणि त्यांत आपला ‘होमबाउंड’. दुसऱ्या दिवशी पोह्याच्या गाडीवर माझ्या मित्रानं ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. पोहेवाल्यानंही हात थांबवून ऐकली. मी विचारलं, “पाहिला का तू?”

“नाही ना भाऊ. आपल्याकडे लागला होता का तो?”

लागला होता. मी पाहिला होता, सकाळी साडेनऊच्या खेळाला. आम्ही अकरा जण होतो.

(दृश्य: रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. पडद्याचा उजेड त्यांच्यावरून सरकतो.)

नीरज घायवान यांचा हा चित्रपट फ्रान्समधल्या कान महोत्सवातून आला. 26 सप्टेंबर 2025 ला, शुक्रवारी, देशभर लागला. चंदन आणि शोएब हे दोन मित्र पोलीस भरतीच्या मागे लागलेले. एक दलित, एक मुसलमान. नावाच्या पुढं काय लिहायचं, अर्जात कोणता रकाना भरायचा, इथपासून त्यांची कोंडी सुरू होते. मग टाळेबंदी लागते आणि घराकडे निघालेला रस्ता संपता संपत नाही. पत्रकार बशारत पीर यांनी 2020 साली लिहिलेल्या खऱ्या घटनेवर हे बेतलंय.

माझं मत विचाराल तर 2025 मध्ये मी पाहिलेल्या चित्रपटांत हा सगळ्यात वर. उणं नाही असं नाही. जान्हवी कपूरच्या सुधाला लेखकानं हात आखडता घेऊन लिहिलंय. सुरतच्या गिरणीतले दिवसही भराभर उरकलेत. तिथं आणखी दहा मिनिटं थांबायला हवं होतं, कारण त्या दोघांना हसताना पाहायला मिळतं ते तिथंच. पण चंदनच्या आईच्या टाचा! भेगाळलेल्या, मातीनं काळ्या पडलेल्या टाचा, पडद्यावर एवढ्या मोठ्या. त्या दिसल्या तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईनं नकळत आपला पाय चपलेत आत ओढून घेतला. हे मी अंधारात स्वतः पाहिलं. चित्रपटाच्या शेवटाकडे त्या भेगा पुन्हा दिसतात, तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

(दृश्य: जबलपूर रोड. मनसरच्या दिशेनं जाणारे ट्रक.)

नागपूरकराला हा चित्रपट दूरचा नाही. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग इथंच एकमेकांना छेदतात. 2020 च्या मे महिन्यात हैदराबादहून, पुण्याहून, मुंबईहून निघालेली माणसं याच शहराच्या कडेनं चालत गेली. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, पंचेचाळीस डिग्रीचं ऊन. आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्यांना पाणी दिलं, चपला दिल्या. हो, चपलाच जास्त मागायचे ते.

आता तारखा बघा, कारण माझं दुखणं तिथंच आहे.

(दृश्य: दीक्षाभूमीचा स्तूप. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल.)

2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला आला, गुरुवारी. धम्मचक्र प्रवर्तन दिन. 1956 साली बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली, तिथं लाखो माणसं जमली. खेड्यापाड्यांतून आलेली, रात्री उघड्यावर झोपलेली, पुस्तकं विकत घेऊन पिशव्या भरणारी. ‘होमबाउंड’ ज्यांची गोष्ट सांगतो ती माणसं या शहरात होती आणि चित्रपटाचा पहिला आठवडा अजून संपायचा होता. पण त्याच दिवशी ‘कांतारा’च्या आधीची गोष्ट सांगणारा भाग आणि आणखी एक मोठा हिंदी चित्रपट लागला. सुट्टीचा दिवस, पडदे तिकडे गेले. माझ्या घराजवळच्या मल्टिप्लेक्सात तर ‘होमबाउंड’ला एकच खेळ उरला, तोही सकाळचा. दीक्षाभूमीहून थिएटर किती लांब? रिक्षानं पंधरा मिनिटं. कुणी एक फलक जरी लावला असता तरी!

सिनेमाच्या धंद्यात आपण अजूनही ‘सीपी बेरार’ सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागात, मोडतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव राज्याच्या कागदावरून 1950 साली गेलं, 1956 मध्ये नागपूरची राजधानीही गेली, पण वितरकांच्या वहीत ते नाव टिकून आहे. चित्रपट चालला की नाही हे मुंबई-पुण्याच्या पहिल्या तीन दिवसांवर ठरतं आणि सोमवारी इथला खेळ उतरतो. इथल्या माणसानं बघायचं की नाही हे ठरवायच्या आतच.

(दृश्य: थिएटरबाहेर लावलेली पोस्टरं, एकावर एक.)

त्या डिसेंबरात ‘धुरंधर’चं राज्य होतं. साडेतीन तासांचा चित्रपट, तरी लोक जागचे हलत नव्हते. अक्षय खन्ना आला की शिट्ट्या पडायच्या, आणि त्या त्यानं कमावलेल्या होत्या. हिंसा मात्र मला सोसवली नाही, मधे दोनदा मान खाली घातली.

मराठीचं म्हणाल तर ‘दशावतार’ मी आईला घेऊन पाहिला. एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर तोंडाला रंग लावून उभे राहतात आणि डोळ्यांवरून कळतं की आता माणूस गेला, देव आला. उत्तरार्ध ताणलाय, सूड लांबलाय, पण त्या डोळ्यांसाठी मी पुन्हा जाईन. ‘गोंधळ’साठी संतोष डावखर यांना गोव्याच्या ‘इफ्फी’ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला. ‘साबर बोंडं’ला तर अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी चित्रपटांतलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. रोहन कानवडे यांचा हा चित्रपट मला पुण्याला गेलो तेव्हा गाठावा लागला. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र. किती हळू बोलतात ते दोघं! सुतकातले नियम, नातेवाइकांचं ‘लग्न कधी?’, आणि या सगळ्यात आईनं काही न बोलता समजून घेणं. विदर्भातल्या कोणत्याही घरात हे तसंच्या तसं घडतं.

ऑस्करवाल्यांनी 2025 मध्ये नियम केला की गटातले सगळे चित्रपट पाहिल्याशिवाय अंतिम मत देता येणार नाही. मला हा नियम मनापासून पटला. नामांकनं 22 जानेवारी 2026 ला यायची होती. ‘होमबाउंड’ त्या पाचांत आला तर नागपुरातही पेढे वाटणार होते. न आला तर चौकाचौकांत त्याच्यात काय कमी होतं ते सांगणार होते. सांगू देत. पण आधी बघू देत.

(दृश्य: रात्र. दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर, आत मोबाइलचा उजेड.)

पोह्याच्या गाडीवरच्या त्या मित्रानं शेवटी ‘होमबाउंड’ मोबाइलवर पाहिला. नेटफ्लिक्सवर आलाय तो नोव्हेंबरपासून. इलेक्ट्रिकचं दुकान आहे त्याचं. गिऱ्हाईक आलं की थांबवायचा, गेलं की पुढं. दोन दिवस लागले. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,

“भाऊ, ते मायच्या टाचांचं… मोठ्या पडद्यावर कसं दिसलं होतं तुले?”

मी सांगत राहिलो. त्यानं शटर पूर्ण ओढल्याचा आवाज आला, तरी फोन ठेवला नाही.