“काका, लागलीय का?” मूत्राशयाची जाणीव मोजतात तरी कशी

नमस्कार मंडळी! समजा, स्वारगेटला दोन चहा ढोसून तुम्ही हडपसरच्या बसमध्ये बसलात. पुलगेटला ओटीपोटात काहीतरी भरतंय एवढंच कळतं. फातिमानगरला वाटतं, उतरल्यावर आधी जाऊन येऊ. वैदूवाडीच्या ट्रॅफिकमध्ये डोक्यात दुसरं काहीच नाही, तरी कपड्यात होईल अशी धास्ती नाही.

या तीन पायऱ्यांच्या व्याख्या इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने (लघवीवरच्या ताब्याचा अभ्यास करणारी संस्था) २००२ साली नक्की केल्या: भरल्याची पहिली जाणीव, पहिली इच्छा, तीव्र इच्छा. सिस्टोमेट्री नावाच्या तपासणीत नळीने मूत्राशयात सलाइन सोडतात आणि कुठली पायरी किती मिलिलिटरला आली ते टिपतात.

सोपं वाटतं ना? गोची पुढे आहे. आपली मूत्रपिंडं मिनिटाला जेमतेम १ ते २ मिलि लघवी तयार करतात. तपासणीत मिनिटाला ५० मिलि सोडणंही चालतं. सोसायटीचा हिशोब असा: वजनाचे किलो भागिले चार, त्याच्या वरचा वेग नैसर्गिक धरायचा नाही. म्हणजे ६० किलोला मिनिटाला १५ मिलि. आता एकीकडे १५ने भरलं, दुसरीकडे ५०ने, आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून कुणी ‘सुधारणा आहे हं’ म्हणालं, तर मला तरी ते पटत नाही. सलाइन गार असलं तर आणखी घोळ. मूत्राशयाला गारवा कळतो, म्हणून तर बर्फाच्या पाण्याची वेगळी टेस्टच आहे.

आणि प्रश्न कसा विचारला? “काका, लागलीय का?” काका म्हणतात, “हो.” आता ही पहिली इच्छा लिहायची की तीव्र? दर मिनिटाला विचारत बसलं तर न लागलेल्यालाही लागते! त्यामुळे तिन्ही पायऱ्या आधीच, घरच्या मराठीत समजावायच्या आणि पेशंटला आपणहून सांगू द्यायचं.

मधुमेहींच्या पायाला लावतात ते थरथरणारं बायोथेसिओमीटर शिश्नाची संवेदना तपासायलाही वापरतात. तिथेही तेच. कंपन वाढवत नेताना “जाणवलं” म्हणायला उशीर झाला, की आकडा फुगतो. म्हणून कंपन वाढवत आणि कमी करत, दोन्हीकडून मोजायचं, मध्येच यंत्र बंद ठेवून “आता?” असंही विचारायचं.

घरी सिस्टोमेट्रीचा जुना रिपोर्ट असेल तर भरण्याचा वेग लिहिलाय का बघा. नसेल, तर पुढच्या तपासणीआधी विचारून घ्या.