अर्ध्या कोयत्याचा हिशोब

(दृश्य: पहाटेचा फड. बॅटरीच्या उजेडात ऊस तोडणारी जोडी.)

साखर कारखान्याला मजूर पुरवताना मुकादम कोयते मोजून देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास असे कोयते निघतात आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट बेळगावपर्यंत जातात. मुक्काम चार-पाच महिन्यांचा.

निघण्याआधी उचल, म्हणजे कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, ठरते. एका कोयत्याला पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. बोलणी मुकादम आणि नवऱ्याची होतात, अंगठा किंवा सही नवऱ्याची आणि पैसेही त्याच्याच हातात. त्या पैशाच्या बदल्यात पुढचे पाच महिने जी राबणार आहे, तिचं नाव बहुतेक कागदांवर कुठेच नसतं.

(दृश्य: हातांचे जवळून शॉट. कोयता, पाचट, मोळीचा आवळा.)

फडात काम वाटलेलं असतं. पुरुष बुडख्यातून ऊस तोडतो. तोडलेल्या उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, काढणं, शेंड्याचं वाढं छाटणं, ऊस गोळा करणं आणि मोळी बांधणं हे बाईकडे. ट्रक किंवा ट्रॅक्टर भरायचा असेल तर मोळी डोक्यावर घेऊन, टेकवलेल्या फळीवरून वर चढायचं. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि मोळी पंचवीस किलोची धरली, तर ऐंशी मोळ्या होतात. फळीवर दव पडलेलं असतं, पाय घसरतो. गाडी कारखान्यावर कधी पोचवायची ते ठरलेलं असल्यामुळे रात्री-अपरात्रीही भरावी लागते, आणि तेव्हा पोटुशी बाईसुद्धा फळी चढते.

फडाच्या आधीचं आणि नंतरचं काम वेगळंच. पहाटे तीनला चूल पेटवायची, भाकऱ्या थापायच्या, पाणी आणायचं. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, परतल्यावर पुन्हा तेच. याचा दर कुठल्याही करारात नाही.

आता पैशाचं बघू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांवरून दर ३६६ वर गेला. दोन टनांचे ७३२ रुपये, तेही दोघांचे मिळून. एकही सुट्टी न घेता दीडशे दिवस काम केलं तर साधारण एक लाख दहा हजार. कागदावर ठीक वाटतं, पण दीडशेच्या दीडशे दिवस तोड मिळतच नाही. गाड्या कारखान्याच्या गव्हाणीसमोर, म्हणजे ऊस टाकायच्या जागी, अडकतात, तोडीचा कार्यक्रम लांबतो, अवकाळी पडतो. शिवाय दर पंधरवड्याला किराणा-औषधासाठी घेतलेली खर्ची उचलीतच चढते. हंगाम संपताना बाकी उरते ती अशी. ती फेडायला पुढच्या दसऱ्याला पुन्हा त्याच मुकादमाकडे.

हाताला रोख लागावी म्हणून टायरगाडीवाल्या, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या जोड्यांतल्या, बायका वाढ्याच्या पेंढ्या बांधून जनावरवाल्यांना विकतात. मीठ-मिरची, पोरांचा खाऊ त्यातून निघतो. हंगामभरात थेट तिच्या हातात पडणारा पैसा बऱ्याचदा एवढाच.

(दृश्य: कोपी. बाहेर पाण्याचा ड्रम, आडोशाला बांधलेली साडी.)

जोडीतलं एक जण आजारी पडलं की खाडा. खाड्याचे पाचशे ते हजार रुपये कापले जातात, आणि ते पूर्ण कोयत्याचे. एकाच्या दुखण्याचा दंड दोघांना बसतो. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही. पाळीत कापड वापरायचं, तेच ओलं राहायचं. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातं, कंबर धरते. डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि पाळीच गेली तर खाडाही जाईल असा हिशोब मांडून गर्भाची पिशवी काढली जाते. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून.

२०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. नियम चांगला आहे, पण तो रोगाच्या शेवटच्या टोकाला लावलेला आहे. खाडा तसाच राहिला.

कायदे नाहीत असं अजिबात नाही. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा कायदा १९७६ मध्येच आला. प्रसूती रजेची तरतूद १९६१ पासून आहे, २०१७ मध्ये ती २६ आठवड्यांची झाली. तिची अट आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असण्याची. पाच महिन्यांच्या हंगामात ८० दिवस सहज भरतात. पण हजेरीपत्रक नाही, वजनाची पावती गाडीच्या आणि मुकादमाच्या नावावर फाटते, आणि कारखाना हात वर करतो: मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. दिवस सिद्ध करायचे कशावरून?

एकट्या बाईची अडचण आणखी वेगळी. विधवा किंवा टाकून दिलेली असेल तर ती अर्धा कोयता. उचल निम्मी, आणि मुकादम तिला घ्यायलाच नाखूश. मग भावाबरोबर किंवा वयात न आलेल्या मुलाबरोबर जोडी लावायची. मुलाची शाळा तिथेच सुटते.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय. ओळखपत्रांचा गठ्ठा.)

स्वर्गीय गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, अशी व्यवस्था ठरली. कामगारांची नोंद ग्रामसेवकाने करून ओळखपत्र द्यायचं. इथे एक गोष्ट आवर्जून तपासावी: कार्ड जोडीला एक नको, दोघांना दोन हवीत. नोंद गावातच होते, म्हणून ती गाडी निघायच्या आधी करून घ्यावी. एकदा फडावर गेल्यावर पाच महिने कोणी विचारत नाही.

करारावर दोन्ही नावं आणि दोन्ही बँक खात्यांचे क्रमांक लिहून घ्यावेत. खर्ची कधी, किती घेतली ते तारखेसह वेगळ्या वहीत मांडावं, कारण मुकादमाच्या वहीतला आकडा खोडायला पुरावा लागतो. वजनकाट्याच्या प्रत्येक पावतीचा मोबाइलवर फोटो काढावा. गाडी क्रमांक, तारीख आणि टन स्पष्ट दिसले पाहिजेत.

कोण किती तोडतं ते वेगळं मोजता येत नाही, असं कारखानदार सांगतात. मोजायची गरजच नाही. मोळी दोघांच्या हातून होते, तेव्हा टनाचे पैसे सरळ निम्मे करून दोन खात्यांत टाकता येतात. गाळपाच्या उसाचे पैसे हजारो शेतकऱ्यांच्या खात्यांत त्यांच्या-त्यांच्या टनांनुसार हेच कारखाने वर्षानुवर्षं जमा करत आले आहेत.