मुका माज आणि प्रयोगशाळेतलं पारडू

(निफाड तालुक्यातल्या दूध उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

मंडळी, टेस्ट ट्यूब पारडाचं ऐकायला जमलात, तर आधी तेच. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० साली म्हशीचं पहिलं टेस्ट ट्यूब पारडू जन्मलं. नाव ठेवलं प्रथम. २००९ मध्ये तिथेच क्लोन केलेलं पहिलं पारडू झालं. ते काही दिवसांतच गेलं, पण त्याच वर्षी गरिमा जन्मली.

पद्धत अशी. जातिवंत म्हशीच्या बीजांडकोशातून, सोनोग्राफीत बघत, सुईने स्त्रीबीजं ओढून घेतात. ती दिवसभर प्रयोगशाळेत पिकवायची, निवडक रेड्याच्या वीर्याने फळवायची आणि आठवडाभराचा भ्रूण दुसऱ्या म्हशीच्या गर्भाशयात सोडायचा. ही दुसरी साधी असली तरी चालते. वाढवायचं काम तिचं, रक्त पहिलीचं. अडचण एवढीच, की म्हशीच्या बीजांडकोशात गाईच्या मानाने बीजंच कमी. त्यामुळे गाईत जमलेलं म्हशीत तसंच्या तसं उतरत नाही, आणि पारडामागचा खर्च वाढतो.

शिवाय भ्रूण सात दिवसांचा असेल, तर त्या दुसऱ्या म्हशीचा माजही, म्हणजे गाभण राहण्याचा काळही, सातेक दिवसांपूर्वीचा लागतो. म्हणजे एवढी यंत्रं आणूनही गाडी येते माजावरच! आणि म्हशीचा माज मुका. गाय हंबरते, दुसरीवर चढते. म्हैस गुपचूप उभी राहते. शेपटी जरा उचललेली, घडीघडी थोडी थोडी लघवी, दूध आखडलेलं. माज बहुधा रात्री नाहीतर पहाटे दिसतो. म्हणून धारेला बसण्याआधी ती जिथे बसली होती तिथली जमीन बघा, काचेसारखा सोट, म्हणजे चिकट स्राव, पडलेला असतो. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, म्हणजे वीर्य सोडून घ्या, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हुकला की पुन्हा एकवीस दिवस थांबा, आणि तेवढे दिवस पेंड-चारा चालूच.

उन्हाळ्यात तर सिन्नरकडच्या कोरड्या भागात बऱ्याच म्हशींचं माजावर येणंच थांबतं. तिथे माजाच्या इंजेक्शनाआधी सावली, अंगावर पाणी, हिरवा चारा आणि क्षार मिश्रण.

रेतकांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, तीही जपून हाताळायची. उणे १९६ अंशांत ठेवलेली कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची. हातावर चोळून गरम करणाऱ्याला स्पष्ट थांबवा. म्हैस तुमची आहे.

लिंगनिश्चित, म्हणजे मादीच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्यातून दहातली साधारण नऊ पारडं मादी होतात. पण ही कांडी महाग, त्यात शुक्राणू कमी. ती माज नीट दाखवणाऱ्या, निरोगी वगारीलाच, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण म्हशीलाच वापरा; वारंवार उलटणाऱ्या, भरवूनही गाभण न राहणाऱ्या म्हशीला नको.

आणि भ्रूण प्रत्यारोपणाचा पैसा सगळा मुऱ्हा जातीच्या म्हशींवर घालू नये, हे माझं ठाम मत. मुऱ्हा दूध जास्त देते, मान्य. पण चारा आटल्यावर आपल्या कोरड्या मुलखात टिकते ती पंढरपुरी, आणि तिच्या निवडक म्हशींची बीजं आधी काढायला हवीत.