ज्वारीचं अनुदान कुणाच्या नावावर?

(दृश्य: मंगळवेढ्याचं शिवार, काढणीचे दिवस)

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. इथली काळी जमीन खोल. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते, पाटाच्या पाण्याची वाट बघत नाही. मालदांडी ३५-१ हा ज्वारीचा वाण निवडला गेला तो याच सोलापूर जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रावर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

मग या ज्वारीसाठी सरकारकडून येणारा पैसा जातो कुठे?

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच. कोरडवाहू घराला हे १२,००० रुपये मोठा आधार आहेत. बी-खताची वेळ त्यावर निभावते. पण हा पैसा पीक बघत नाही, सातबारा बघतो. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी जमीन नावावर हवी, अपवाद फक्त वारसाने आलेल्या जमिनीचा. आणि नवरा, बायको, अठरा वर्षांखालची मुलं मिळून कुटुंब एकच.

(दृश्य: कणसं मोडणाऱ्या बायका)

ज्वारी खुरपतात बायका, कणसं मोडतात बायका. यातल्या कितीजणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, हे कुठल्याही गावच्या चावडीत बसून मोजावं.

ठिबकलाही अनुदान आहे आणि ते चांगलंच आहे, पण ते ऊस-डाळिंबाच्या कामाचं. ओलीवर येणाऱ्या पिकाला त्यातून काय मिळणार?

(दृश्य: खळं, कडब्याच्या पेंढ्या)

हमीभावाचं बघा. २०२५-२६ साठी मालदांडीचा दर क्विंटलला ३,७४९ रुपये. रब्बीचं हे पीक सरकारी यादीत मात्र खरिपाच्या रांगेत बसतं. आणि ज्वारी म्हणजे नुसते दाणे नव्हेत. दावणीला जनावर असलेल्या घरात कडबा दाण्याइतकाच तोलामोलाचा. त्या कडब्याला हमीभाव नाही. पीकविम्यातही उत्पन्न धरतात ते दाण्याचंच, तेही अख्ख्या महसूल मंडळाचं, म्हणजे अनेक गावांचं मिळून सरासरी. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता रब्बीच्या अन्नधान्याला विमा रकमेच्या दीड टक्का हप्ता शेतकऱ्याने भरायचा.

(दृश्य: बांधावर उभा वाटेकरी)

सगळ्यात बाहेर राहतो तो वाट्याने जमीन करणारा. बी त्याचं, राबणं त्याचं, तोट्यातला वाटाही त्याचा. विमा उतरवायचा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालक तो करून देत नाही, कारण त्याला कुळ लागायची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसायची भीती. कुळकायदा १९४८ चा आहे, पण ती धास्ती आजही प्रत्येक तोंडी व्यवहारात बसलेली असते. दोघांपैकी कुणी लबाड आहे असं नाही. मालकाला जमीन गमवायची नाही, वाटेकऱ्याला ती पुढच्या वर्षीही करायची आहे, म्हणून कागद होत नाही.

यावर उपाय सुचवलेला आहे. नीती आयोगाने २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा पुढे ठेवला: मालकाची मालकी शाबूत, आणि करणाऱ्याला कर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळवून देणारा लेखी करार. हा करार तलाठ्यासमोर, एका हंगामापुरता, बिनखर्चात करता आला पाहिजे. ज्वारी पेरायच्या आत.