ताप उतरला, पण मूल कसं आहे?

दवाखान्यात शिरताना आईवडिलांचं पहिलं वाक्य बहुतेक आकड्याचं असतं. 'डॉक्टर, एकशे दोन होता.' थर्मामीटरचे फोटोही मोबाइलवर तयार असतात. मी विचारतो, पाणी प्यायला का? शू कधी केली? मग नवराबायको एकमेकांकडे बघतात.

आकड्यापेक्षा मूल कसं आहे ते महत्त्वाचं. याला एक अपवाद आहे, तो आधी सांगून टाकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. त्या वयात संसर्ग रक्तात पसरला तरी बाळ फार काही दाखवत नाही, कधी नुसतं दूध कमी पितं. अंग गार पडणं हीसुद्धा तितकीच वाईट खूण.

मोठ्या मुलांचं वेगळं. ताप 103 आहे, पण पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभरात कार्टून मागतोय, तर सकाळपर्यंत थांबता येतं. ताप 100 च आहे, पण मूल मलूल पडलंय, हाक मारली तरी डोळे धड उघडत नाही, सहा-आठ तासांत शू नाही, तर थांबू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात आकडी येते. बघवत नाही, पण बहुतेकदा ती आपोआप थांबते. मुलाला कुशीवर करा आणि घड्याळ बघा. कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. पहिलीच आकडी असेल तर थांबल्यावरही लगेच दाखवा.

आता आपल्या मुंबईच्या पावसाळ्याकडे येतो, कारण इथे थर्मामीटर उलट्या बाजूने फसवतो. डेंग्यूचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो. घरात हुश्श होतं, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची चर्चा सुरू होते. आणि नेमका तोच धोक्याचा काळ. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपू लागतं, रक्त घट्ट होतं, नाडी मंदावत नाही तर उलट जोरात पळते. ताप गेला, पण पोट सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार आहेत, हिरड्यांतून रक्त येतंय, मूल चिडचिडं किंवा सुस्त झालंय, तर सरळ हॉस्पिटल. प्लेटलेट किती, यावर अख्खी सोसायटी चर्चा करते. आम्ही हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा), नाडी आणि लघवीकडे जास्त बघतो. आणि डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

खोकल्याला आवाज असतो म्हणून घर घाबरतं, पण बघायचा असतो श्वास. मूल शांत असताना शर्ट वर करा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, तर त्याच दिवशी दाखवा. पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर झालेत, तर त्याच क्षणी.

जुलाबात ओआरएस. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. आपण मात्र पाकीट अर्धं आज, अर्धं उद्या असं अंदाजाने कालवतो. लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. ज्यूसच्या खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा.

आणि येताना औषधाची बाटली बरोबर आणा. पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये कुठे पाच मिलीत 120 मिलिग्रॅम असतं, कुठे 250. 'गुलाबी औषध दिलं' एवढ्यावर मला डोस कळत नाही. मुलाचं वजन आणि शेवटचा डोस किती वाजता दिला, हे कागदावर लिहून आणलंत तर पुढची पाच मिनिटं वाचतात.